खानदेशातल्या बेस वादकाने आधी कशावर खर्च करावा?

शिरपूर तालुक्यातील एका तरुण वादकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवल्यावर ते गेली दोन वर्षे बेस गिटार वाजवतात. त्यांच्याकडे चार तारांचा, मध्यम प्रतीचा बेस आहे आणि लग्नसराई, गणपती व नवरात्र धरून हंगाम भरगच्च असतो. हाती ४० हजार रुपये जमले आहेत, तेव्हा पाच तारांचा नवा बेस घ्यावा की १०० वॅटचा ॲम्प, हे त्यांना ठरवता येत नाही. शिवाय तीन तक्रारी आहेत : मे महिन्यात तारा सुरुवातीच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडतात, खेड्यावरच्या कार्यक्रमांत हमिंग, म्हणजे सतत घूं असा आवाज, येते, आणि साउंडवाला दर वेळी बेस कमी करायला सांगतो.

माझे उत्तर असे की आज या दोन्हींपैकी काहीच घेऊ नका. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पंचवीसहून अधिक वर्षे सुपाऱ्या वाजवल्यावर मी एवढे खात्रीने सांगू शकतो की तुमची पहिली तक्रार हवेची आहे, दुसरी विजेची आणि तिसरी तुमच्या वाद्यापासून मिक्सरपर्यंतच्या जोडणीची. नवा बेस आणला तरी त्याला हीच हवा, हीच वीज आणि हाच साउंडवाला मिळणार आहे. म्हणून पैशाचा पहिला वाटा या तीन गोष्टींवर घालावा आणि उरलेल्यातून पाच तारांचा विचार करावा.

आधी हवेविषयी सांगतो. बेसच्या तारेचा वाजणारा भाग सहसा ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर लांब असतो आणि ४५ ते १०५ गेजच्या (जाडीच्या) चार तारा मिळून नेकवर, म्हणजे तारांखालच्या लांब लाकडी दांड्यावर, ७० किलोहून अधिक ओढ देतात. ही ओढ पेलण्यासाठी नेकच्या आत पोलादी ट्रस रॉड असतो. तारांची ओढ आणि रॉडचा ताण यांचा तोल साधलेला असतो. मात्र लाकूड हवेतील ओल घेते आणि सोडते, त्यामुळे हा तोल ऋतूबरोबर हलतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत लाकूड आकसते, नेक गरजेपेक्षा जास्त सरळ होते किंवा मागे वाकते, आणि मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खडखडू लागतात. तुमची तक्रार मे महिन्यातली आहे आणि त्यातही तुम्ही सुरुवातीच्या फ्रेटचा उल्लेख केला आहे, म्हणून मला दुसरे कारण शोधावेसे वाटत नाही. पावसाळ्यात याच्या उलट घडते. नेक पुढे झुकते, तारा उंच जातात आणि रात्रभर वाजवल्यावर डाव्या हाताची बोटे सुजतात.

तपासायची रीत सोपी आहे. तार सुरात लावलेली असतानाच ती पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातील फट पाहावी. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जाडसर पोस्टकार्डाएवढी असावी. फट मुळीच नसेल तर रॉड किंचित सैल करावा, फट जास्त असेल तर आवळावा. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि फिरवल्यावर नेकला काही तास स्थिरावू द्यावे. चावी अडली तर तिथेच थांबून कारागिराकडे जावे, कारण फिरवताना जोर केल्याने मोडलेले रॉड मी पाहिले आहेत आणि अशा नेकची दुरुस्ती बहुधा वाद्याच्या किमतीला परवडत नाही. मी स्वतः वर्षातून दोनदा, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आणि पोळ्यानंतर, हा मेळ घालतो. त्यानंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर ठेवतो आणि शेवटी ब्रिजवरचे, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवरचे, सॅडल (तारेचे टेकू) सरकवून बाराव्या फ्रेटचा सूर तिथल्या हार्मोनिकशी, म्हणजे तारेला नुसता हलका स्पर्श करून काढलेल्या सुराशी, जुळवतो. क्रम हाच ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास तेच काम दोनदा करावे लागते.

आपल्याकडे याच्या जोडीला कूलर असतो. घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो आणि वादक मंडळी सवयीने वाद्य त्याच्याच समोर, गार हवेत ठेवतात. दिवसभर ओली हवा खाल्लेले वाद्य संध्याकाळी क्रूझर जीपच्या टपावर बांधले जाते आणि तापलेल्या पत्र्यावर दोन तास प्रवास करते. एका दिवसात एवढा फरक सोसण्यापेक्षा वाद्य कूलरपासून दूर, आतल्या खोलीत, पिशवीत बंद राहिलेले बरे. टपावर बेस कधीच चढवू नये. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर चहा पिण्यापुरताही ठेवू नये, कारण तिथले तापमान सरस मऊ पडण्याइतके वाढू शकते आणि तारांची ओढ तर चालूच असते. माझ्या एका सहकाऱ्याच्या बेसचा ब्रिज अशाच दुपारी उचलला गेला होता. प्रवासासाठी तारा पूर्ण सैल करण्याची पद्धत मात्र मला पटत नाही. ओढ काढली की रॉड एकटाच नेकला मागे ओढतो. फार तर एक सूर उतरवावा.

कोरड्या हवेत लाकूड आकसल्याने फ्रेटची टोके नेकच्या कडेने बाहेर येतात आणि हाताला करवतीसारखी लागतात. ती घासून घ्यायची तर मे महिन्यातच घ्यावीत. पावसाळ्यात घासलेली टोके पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बाहेर डोकावतात, उन्हाळ्यात घासलेली मात्र वर्षभर बसून राहतात. हिवाळ्यातल्या उघड्यावरच्या कार्यक्रमांत, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, रात्री अकरानंतर तारा गारठून सूर चढतो आणि दिव्यांच्या झोतात पुन्हा उतरतो, म्हणून पायाशी पेडलचा ट्यूनर (सूर दाखवणारे यंत्र) असावा. चिमट्याचा ट्यूनर ढोल-ऑक्टापॅडच्या हादऱ्यात बेसच्या खालच्या तारा नीट ओळखत नाही.

आता विजेविषयी. या बाबतीत मी थोडा कडक बोलणार आहे. आपल्या खेड्यांत हळदीच्या कार्यक्रमाला वीज कधी डीपीवरून थेट येते, कधी शेजारच्या घरातून, कधी आकडा टाकून आणि कधी जनरेटरवरून. तीन पिनांच्या सॉकेटमधले अर्थिंगचे छिद्र बहुतेक ठिकाणी नुसते शोभेचे असते. अर्थिंग नसले की कीबोर्ड, मिक्सर आणि प्रोसेसर यांच्या ॲडॉप्टरमधील फिल्टर कपॅसिटरमुळे त्यांच्या धातूच्या भागांवर वीजदाबाच्या निम्म्याएवढा, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टचा तरंगता दाब येतो. तुमच्या तारा ब्रिजमार्गे केबलच्या जाळीला जोडलेल्या असतात आणि गायकाचा माईक मिक्सरला. दोघांची वीज वेगवेगळ्या ठिकाणाहून आली असेल तर तारांवर हात ठेवून माईकला ओठ लावल्यावर मुंग्या येतात. हा मुंग्यांचा प्रकार हसण्यावारी नेला जातो; पण कुठे खरा फेज धातूला लागलेला असेल तर त्याच वाटेने जीव जातो. ब्रिटनमधील स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्वान्सी येथे रंगमंचावरच, माईकला हात लावताच, विजेच्या धक्क्याने मरण पावला.

दुसरा धोका न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सुटण्याचा आहे. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला की ज्या फेजवर भार कमी, त्यावरचा दाब ३०० व्होल्टच्या पुढेही चढू शकतो, कारण दोन फेजमधील दाब ४०० व्होल्टच्या घरात असतो. तापीकाठच्या एका गावात मंडपाचे हॅलोजन एकाएकी झगझगीत झाले, ते पाहून मी वायर उपसली आणि बेस वाचवला. आमच्या कीबोर्डवाल्याचा ॲडॉप्टर आणि दोन पेडल मात्र धुरात गेले. तेव्हापासून मल्टिमीटर काढल्याशिवाय मी प्लग लावत नाही. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढाच आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, अशी नोंद आली तर ठीक समजावे. फेज ते अर्थ भलतेच आकडे दाखवत असेल तर अर्थिंग नाही असे धरावे. तसेच, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला एक्स्टेंशन बोर्ड ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्यावा. गळतीचा प्रवाह त्या मर्यादेपलीकडे गेला की तो निमिषात वीज तोडतो. शक्य असेल तर कीबोर्ड, मिक्सर आणि तुमची पेडल यांना एकाच ठिकाणची वीज घ्यावी. हमिंग जाते म्हणून प्लगची अर्थ पिन तोडणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकू नये.

हमिंग कुठून येते हे ओळखायला उपकरण लागत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी सूर ४९ हर्ट्झचा, त्यामुळे आपल्याकडची हमिंग किंचित चढलेल्या जी सारखी, किंवा तिच्या वरच्या सप्तकातील सुरासारखी ऐकू येते. आधी बेसचा व्हॉल्यूम पूर्ण बंद करावा. तरीही आवाज राहिला तर दोष बेसच्या पुढे, केबलमध्ये किंवा जोडणीत आहे. व्हॉल्यूम बंद केल्यावर आवाज गेला तर व्हॉल्यूम उघडून जागच्या जागी गोल फिरून पाहावे. एका दिशेला आवाज कमी आणि दुसरीकडे जास्त होत असेल तर तुमचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारी चुंबके, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर किंवा लाइटच्या डिमरचे क्षेत्र पकडत आहेत. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर बेसच्या आतील शिल्डिंग, म्हणजे बाहेरची हमिंग अडवणारे धातूचे अस्तर, अपुरे आहे, आणि ते तांब्याच्या चिकटपट्टीने घरीही करता येते. जॅझ बेस या नमुन्याच्या धर्तीवर एकेरी वेटोळ्याचे (सिंगल कॉइल) दोन पिकअप असतील तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवावेत. दोन पिकअप एकमेकांची हमिंग खोडतात आणि एक जरी कमी केला तरी ती परत येते. प्रिसिजन या दुसऱ्या नमुन्याच्या दुभंगलेल्या पिकअपला हा त्रास मुळातच नसतो.

तिसरी तक्रार साउंडवाल्याची. त्यालाही दोष देऊ नये, कारण तो त्याच्या भाषेत खरेच सांगत असतो : ‘भो, तुना बेस कमी कर, मना बॉक्स फाटी जाई.’ त्याच्या तोंडी बेस म्हणजे कधी तुमचे वाद्य, कधी खालचे अठरा इंची स्पीकरचे बॉक्स आणि कधी मिक्सरचा लो नावाचा कान, म्हणजे खालचे सूर कमी-जास्त करणारे बटण. या तिन्हींचा घोळ पहिल्या पाच मिनिटांत निस्तरून घ्यावा. बहुतेक कार्यक्रमांत बेसची साधी केबल दहा-पंधरा मीटर लांब ओढून थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खोचली जाते. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या, पिकअपला पुढच्या यंत्राचा रोध (इम्पिडन्स) खूप मोठा, १ मेगाओहमच्या जवळपास, हवा असतो आणि लाइन इनपुटचा तो काही हजार ओहमच असतो. त्यात लांब केबलच्या कपॅसिटन्सची भर पडते. परिणामी वरचे सूर गळून पडतात आणि उरतो तो नुसता गडगडाट. सूर कळत नाही म्हणून साउंडवाला लो वाढवतो, लो वाढला की ऑक्टापॅडच्या किकशी मारामारी सुरू होते, आणि शेवटी तो तुम्हालाच खाली आणतो.

यावर उपाय म्हणजे स्वतःचा डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करून देणारी छोटी पेटी. तुमचा बेस पॅसिव्ह असेल तर ॲक्टिव्ह डीआय घ्यावा, कारण त्याचा इनपुट रोध मोठा असतो. तो मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर, म्हणजे मिक्सर केबलमधूनच पाठवतो त्या विजेवर, किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. खेड्यावरच्या मिक्सरचे फँटम बंद पडलेले असते, म्हणून बॅटरीची सोय असलेलाच बघावा. बेसपासून डीआयपर्यंत पाच मीटरची चांगली केबल आणि तिथून पुढे कॅननची (एक्सएलआर) बॅलन्स्ड, म्हणजे वाटेतला गोंगाट खोडणारी, केबल, अशी मांडणी केली की ५० मीटरवरही सूर टिकतो. डीआयवर ग्राउंड लिफ्टचे बटण असते. ते सिग्नलची जाळी तोडते, विजेचे अर्थिंग तसेच ठेवते, आणि जोडण्यांच्या फेऱ्यातून आलेली हमिंग सुरक्षितपणे घालवते. याशिवाय साउंडवाल्याला नम्रपणे सांगावे की ४० हर्ट्झच्या खालचे काढा, २५० च्या आसपासचे थोडे कमी करा आणि ८०० हर्ट्झला किंचित वाढवा. खोलीत एकट्याने ऐकताना हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटतो, पण ढोलक, ऑक्टापॅड आणि दोन गायकांच्या गर्दीत तोच उठून दिसतो. राहुलदेव बर्मन यांच्या वादकवृंदात बेस वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचे काम लहान ट्रान्झिस्टरवरही कानाला कळत असे, ते या मधल्या पट्टीमुळेच, असे माझे मत आहे.

याच कारणाने १०० वॅटचा ॲम्प तुमच्या कामाचा नाही. खालचे सूर मोकळ्या मैदानात ऐकवायला त्याच्या कितीतरी पट शक्ती लागते, तो क्रूझरमध्ये दोन माणसांची जागा खातो, आणि श्रोत्यांना आवाज जाणार तो बॉक्समधूनच. तुम्हाला स्वतःला ऐकू येत नसेल तर मॉनिटरमध्ये बेस मागून घ्यावा किंवा मिक्सरच्या ऑक्झिलरीवरून (मॉनिटरसाठीच्या वेगळ्या आउटपुटवरून) तारेचे कानात घालायचे मॉनिटर घ्यावेत.

पाच तारांच्या बेसबद्दल तुमची इच्छा अवाजवी नाही, कारण आपले गायक इंग्रजी पद्धतीने सूर सांगत नाहीत. कोणी काळी एक सांगतो, कोणी काळी दोन, बाई आल्या की काळी चार. चार तारांच्या बेसवर सर्वांत खालचा सूर ई, म्हणजे पांढरी तीन, ४१ हर्ट्झचा. गायकाचा षड्ज काळी दोनमध्ये असेल तर तो तुमच्या ई तारेच्या अर्ध्या सुराने खाली जातो, म्हणून तुम्हाला ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, एक सप्तक वर बसावे लागते. पाच तारांवर हाच षड्ज बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर ३९ हर्ट्झला मिळतो. कागदावर हे फार आकर्षक दिसते. प्रत्यक्षात गावातले पंधरा इंची टॉप, म्हणजे वरचे स्पीकर, ५० हर्ट्झच्या खाली फारसे काही देत नाहीत आणि नुसत्या टॉपवर चालणाऱ्या कार्यक्रमात तुमचा खालचा सूर त्याच्या वरच्या हार्मोनिकांमुळेच कळतो. तरीही पाचवी तार उपयोगी आहे, ती हात एका जागी ठेवून कुठल्याही स्केलमध्ये वाजवता येते म्हणून. गायक ऐन वेळी ‘अर्धा खाली घ्या’ म्हणाला तर बोटांची आकृती तीच राहते आणि हात फक्त एक फ्रेट सरकतो. कीबोर्डवाल्यासारखी ट्रान्सपोजची कळ आपल्याला नाही.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. तारा वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसाव्यात. खानदेशी उन्हाळ्यातला घाम निकेलच्या तारा दोन महिन्यांत मारून टाकतो. ॲक्टिव्ह बेसमधून जॅक काढून ठेवावा, कारण जॅक खोचलेला असेपर्यंत आतली बॅटरी खर्च होत राहते. केबल कोपरावर गुंडाळू नये. पट्टा किमान तीन इंच रुंद घ्यावा, कारण चार किलोंचे वाद्य सहा तास खांद्यावर असते. पिशवीत सुट्या तारांचा एक संच, दोन केबल, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, ॲलन चाव्या, टेस्टर, टॉर्च आणि २५ वॅटची सोल्डरिंग गन असावी. तार तुटण्यापेक्षा जॅकची जोडणी सुटण्याचे प्रसंगच अधिक येतात.

कानांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. अमेरिकेतील निऑश या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तासांची आहे आणि प्रत्येक ३ डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. बॉक्सच्या बाजूला उभे राहून आपण ही मर्यादा दुसऱ्या गाण्यातच ओलांडतो. माझ्या डाव्या कानात आता रात्री बारीक शिट्टी वाजते, ती याच कमाईची. संगीतासाठीचे इअरप्लग सर्व पट्ट्या सारख्या कमी करतात आणि सूर ऐकू येतो, म्हणून ते घ्यावेत.

सेटअप, तारा, डीआय, दोन चांगल्या केबल, पेडल ट्यूनर, मल्टिमीटर, आरसीसीबी बोर्ड आणि इअरप्लग हे सगळे माझ्या अंदाजाने १२ ते १५ हजारांत बसते. उरलेल्या रकमेत वापरलेला पाच तारांचा बेस शोधावा, आणि शोधायला पावसाळ्यात निघावे, कारण तेव्हा सुपाऱ्या नसतात आणि विकणारे वादक पैशाला अडलेले असतात. पाहायला जाताना आपला ट्यूनर आणि डीआय सोबत न्यावा. बी तार आधी उघडी आणि मग पाचव्या व बाराव्या फ्रेटवर वाजवून पाहावी. ती लोंबल्यासारखी, भुसभुशीत वाजत असेल किंवा बाराव्या फ्रेटचा सूर सॅडल शेवटपर्यंत मागे नेऊनही चढाच राहत असेल, तर रंग कितीही देखणा असला तरी तो बेस सोडून द्यावा. ट्रस रॉडची चावी दोन्ही बाजूंना थोडी फिरते का, हे विक्रेत्यासमोरच पाहावे. तो फिरवू देत नसेल, तर भाव विचारण्याचीही गरज नाही.